मातीची धुरपता

बायको धुरपता वारली आणि पुढच्या उन्हाळ्यात, अठ्ठ्याहत्तर साली, जागेश्वरने तलावाची चिकणमाती आणून गोठ्यात तिची माणसाएवढी मूर्ती घडवायला घेतली. पोळ्याला हौसेने मातीचे वीतभर बैल करणारा गडी तो! माती तडकू नये म्हणून धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा, कालवली, वर ओली पोती पांघरली. तणशीत दाणे राहिलेत हे ध्यानात आलं नाही. नाकडोळे साधले त्याच्या दुसऱ्या सकाळी पोती काढतो तर मूर्तीच्या पोटावर हिरवे कोंब! शेजारच्या कुंताबाईने "माय प्रकटली!" म्हणत गाव गोळा केलं. "देवी नाही, माही धुरपता हाये!" तो ओरडला. तोवर चेहरा शेंदराखाली बुजला होता. वांझोटीचा हात नको म्हणून याच कुंताबाईने मुलाच्या लग्नात धुरपताला सुनेची ओटी भरू दिली नव्हती. आता तीच मूर्तीची ओटी भरत म्हणाली, "माय, माह्या सुनेले लेकरू दे!"