तिरकी होडी

बाबा शिंपी होते. तिरकं काही दिसलं की त्यांना चैन पडायचं नाही. आणि नेमकं बैठकीतलं होडीचं चित्र, आत्यानं त्यांच्या लग्नात स्वतः काढून दिलेलं, रोज सकाळी तिरकं झालेलं असायचं. दुकानाला निघताना दारात चपला घातल्या की त्यांचं लक्ष तिकडे जायचं. मग भिंतीला शिव्या घालत चपला काढायच्या, परत आत यायचं आणि आईला विचारायचं, "बघ गं, आता झालं सरळ?"

"जरा डावीकडे. अंहं, आता फार झालं," आईचं चालूच.

बाबांनी खिळा बदलला, चौकटीमागे बुचाचे तुकडे चिकटवले. कशाचा उपयोग झाला नाही.

बाबा गेल्यानंतर मी आठवडाभर माहेरी राहायला गेले, तर होडी रोज अगदी सरळ.

"खिळा अखेर नीट बसला म्हणायचा," मी म्हणाले.

"खिळ्याला काय धाड भरली होती?" आई चित्रावरची धूळ पुसत म्हणाली. "मीच तिरकं करून ठेवायचे. एकदा दुकानात गेला की रात्रीच दिसायचा माणूस. तेवढाच दारातून परत यायचा."

आज निघताना दारात चपला घातल्या आणि सहज मागे वळून पाहिलं. होडी तिरकी झाली होती. आई त्या गावची नसल्यासारखी खिडकीतून बाहेर बघत होती.

बॅग खाली ठेवून मी चपला काढल्या.