खालची पट्टी

"तू घरी आलीस की हा नेमका अडून बसतो, एरवी कसा घोड्यासारखा पळतो!" लेकीकडे बघत अनुवादक बाबा संगणकावर डाफरले. त्यांचा लिहिण्याचा एडिटर लेकीनंच बनवून दिलेला. खालच्या पट्टीत शब्दसंख्या दिसायची. आज अक्षर टाइप केलं की स्क्रीन ठप्प. तिनं पट्टी चालवणाऱ्या सूचनांची स्क्रिप्ट उघडली. शेवटची ओळ तिची नव्हती. "बाबा, हा उपद्व्याप कुणाचा?" बाबा चष्मा पुसू लागले. ती ओळ दर अक्षरामागे तिच्या परगावच्या ऑफिसातल्या संगणकाला विचारायची, 'पोरगी जागेवर आहे का?' आणि उत्तर येईपर्यंत हटून बसायची. पोरगी इथे, तिकडचा संगणक बंद. उत्तर देणार कोण? "खोडून टाक ती," बाबा पुटपुटले. तिनं ओळ ठेवली, फक्त थांबण्याला एका सेकंदाची मर्यादा घातली आणि उत्तर न आल्यास पट्टीत दाखवायचा एक निरोप लिहिला. बाबांनी टाइप केलं. पट्टीत उमटलं: 'पोरगी जागेवर नाही. मागे वळून बघा.'