खांबामागचं पाणी

संगणकाच्या पडद्यावर नदी वाहत होती आणि पुलाच्या खांबामागे भोवरे उठत होते, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. शर्वाणीने गावच्या पुलाची मापं घालून हा पूर स्वतःच उभा केला होता. आई शेजारी बसून टक लावून बघत होती.

याच खांबाजवळ शर्वाणीचा धाकटा भाऊ मकरंद बुडाला होता. पट्टीचा पोहणारा कसा बुडेल? त्याने जीव दिला, असंच गाव म्हणत आलं. आईलाही ते हळूहळू खरं वाटू लागलं होतं.

शर्वाणीने प्रवाहात पोहणाऱ्या माणसाच्या जागी एक लाल ठिपका सोडला. तो खांबापाशी भोवऱ्यात सापडला, काठाकडे सरकला आणि परत आत ओढला गेला. पुन्हा सरकला, पुन्हा ओढला गेला.

“बघ आई, इथून कुणालाच सुटता आलं नसतं. कितीही हात मारले तरी.”

“म्हणजे तो घरी यायला धडपडत होता?”

शर्वाणीने मान डोलावली. तिला वाटलं, आता आईच्या मनावरचं ओझं उतरेल. पण आई पुढे झुकली, ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, “मग नुसती बघत काय बसलीस? काढ त्याला बाहेर.”