सत्कारमूर्ती

धायरीच्या गोपाळकृष्ण आपट्यांनी जन्मभर पेट्रोलचा थेंब जाळला नाही, म्हणून एका पर्यावरण मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. आपटे नेहमीप्रमाणे वेळेआधीच सायकलवरून हॉलच्या फाटकात हजर. आत पाहुण्यांच्या गाड्या एसी चालू ठेवून घुरघुरत उभ्या होत्या.

"काका, सायकल आत नाही चालणार," बिल्ला लावलेल्या कार्यकर्त्याने अडवलं. "आज फक्त निमंत्रितांच्या गाड्या."

"अहो, सत्कार माझाच आहे."

कार्यकर्त्याने त्यांना सायकलसकट न्याहाळलं. "चेष्टा करता काय, काका? सत्कारमूर्ती असे येतात होय?"

"बरं. मग शाल तुम्हीच पांघरा," म्हणत आपट्यांनी सायकल वळवली.

पाठीमागून लाउडस्पीकर दिलगिरी व्यक्त करत होता, "जरा थांबू या, आपटेसाहेब बहुधा सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असावेत."