पुकारा

सांगलीकडची श्यामला नवऱ्याच्या माघारी कोलकात्यात सियालदहच्या प्रौढवर्गात बंगाली लिहायवाचायला शिकली आणि पन्नाशीत तिला एका दवाखान्यात पेशंटांची नावं पुकारायची नोकरी मिळाली. पहिल्याच सकाळी टेबलाच्या खणाच्या तळाशी अडकलेली नंबराची चिठ्ठीही तिनं न अडखळता मोठ्यानं वाचली, "निर्मला पाल!" कोपऱ्यातल्या बाकावरून एक म्हातारी उठली. वैशाखाच्या उकाड्यातही तिनं शाल घट्ट लपेटली होती. "किती दिवस बसलेय गं पोरी, कुणी हाकच मारली नाही," म्हणत ती डॉक्टरांच्या खोलीत शिरली. चिठ्ठी पाहून कंपाउंडर पांढराफटक पडला. "दीदी, त्या पौषातच वारल्या. त्याच बाकावर, नंबराची वाट बघत." श्यामलानं आत डोकावलं. डॉक्टर एकटेच पेपर वाचत होते. आपण बरोबरच वाचलंय, याची तिला खात्री होती. तिनं रजिस्टर ओढलं, निर्मला पालचं नाव उतरवलं आणि त्यापुढं वळणदार अक्षरांत लिहिलं, 'हजर'.