मागच्या दारावरची टकटक

नेरूळमध्ये रस्त्याकडेला कुंदन मेकॅनिकने विकायला असलेल्या जुन्या गाडीचं बॉनेट बंद केलं. "इंजिन कडक हाय. अपघात नाय, मालक एकच. फक्त हे बघ." सर्व्हिसच्या कागदांवर दर वर्षी तीच तक्रार होती: मागच्या डाव्या दारावर टकटक. दोष सापडला नाही.

"मग नको ही गाडी," हितेश म्हणाला. "आये, उतर."

मागच्या सीटवर बसून बघणाऱ्या सरस्वतीबाई हलल्या नाहीत. गाडी बंद होती, तरी त्यांच्या बाजूच्या दारावर टकटक झाली. दोनदा, आणि जरा थांबून एकदा.

चाळीस वर्षांपूर्वी हिरामण मिठागरातून परतले, की असंच मागचं दार वाजवायचे. चिखलाच्या पायांनी ते कधी घरात आले नाहीत. सरस्वतीबाई तांब्या घेऊन बाहेर यायच्या आणि नवऱ्याच्या पायांवर पाणी घालायच्या. एका संध्याकाळी त्या तांब्या भरून बसल्या, आणि दार वाजलंच नाही.

त्यांनी गाडीचं दार उघडलं. पिशवीतल्या बाटलीतलं पाणी सावकाश खाली ओतलं, दोन पावलांना पुरेल एवढं.

"या," त्या म्हणाल्या. "लय उशीर केलात." आणि आत सरकून जागा दिली.

टकटक थांबली. कुंदनने चावी फिरवली, तशी गाडी पींपीं करू लागली.

"मावशी, मागं दोघं बसलेत म्हनते गाडी. बेल्ट लावा."

"त्यांना सवय नाय. मीच लावते."

सरस्वतीबाईंनी शेजारचा बेल्ट ओढून अडकवला. तो रिकाम्या सीटवर सपाट पडला नाही.