एनिडची परीक्षा

"तिला घाई करू नका," क्लिफर्ड ऑल्डरसन म्हणाला. "दमानं घेतलं की जमतं तिला."

वाचा-उपचार करणारी बेथन नुसतीच गोड हसली आणि टेबलावर चित्रांचे पत्ते मांडू लागली. घरी राहायचं की वृद्धाश्रमात जायचं, हे आज तिच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

बायकोचं काहीतरी बिनसलंय, हे त्याला हिवाळ्यातच कळून चुकलं होतं. चहा मागावा तर बया उशी आणून देई. विनोद सांगावा तर डोळ्यांना रुमाल लावी. एनिडशिवाय हे घर त्याला खायला उठलं असतं.

जन्मभर त्यानं गुरांच्या बाजारात लिलाव पुकारले होते. ती भरधाव बोली यॉर्कशरच्या शेतकऱ्यांखेरीज कुणाच्या बापाला कळत नसे. बाहेरची माणसं नुसती तोंडाकडे बघत राहत. म्हणून या वेल्श पोरीसाठी तो आज एकेक शब्द सुटा करून बोलत होता.

बेथननं कपाचं चित्र आधी त्याच्यापुढे धरलं. एनिडला रीत कळावी म्हणून असेल.

"कप," तो खणखणीत आवाजात म्हणाला.

एनिडनं मान फिरवली. तिचे डोळे भरून आले. बिचारीला साधा कपसुद्धा आठवेना! त्याला भडभडून आलं.

मग किल्ली आली, मग कुत्रा. तो पटापट उत्तरं देत गेला आणि मधूनच तिला खुणावत राहिला, "सोपं आहे गं, म्हण की!"

बेथननं पत्ते गोळा केले.

"अहो, तिला विचारलंच नाहीत तुम्ही!" क्लिफर्ड म्हणाला.

बेथननं त्याच्या हातावर हलकेच थोपटलं आणि ती एनिडकडे वळली. "घरी एखादा तरी शब्द, मिसेस ऑल्डरसन?"

"एकही नाही," एनिड म्हणाली. "मेंदूचा झटका आल्यापासून हा दिवसभर नुसते आवाज काढतो. आणि त्याला वाटतं, आपण बोलतोय."

क्लिफर्डनं तिचा हात घट्ट धरला. "काय बरळतेस, वेडे? मी तुला कुठ्ठे जाऊ देणार नाही."

"बघा, आत्ताही तेच," एनिडनं हुंदका गिळला. "मी थकले हो आता. सोमवारीच घेऊन जा त्याला."